वाचक विचारतात : शिलालेखातलं सूर्यग्रहण आणि त्याची तारीख

सौंदत्ती, हलशी, देगाव, बेळगावचा किल्ला आणि आसपासच्या गावांतल्या शिळा वाचणाऱ्या वाचकांकडून या वेळी आलेले बहुतेक प्रश्न पूर्व-मध्ययुगातल्या ग्रहणांबद्दलचे आहेत. सातव्या शतकातल्या बदामीच्या चालुक्यांपासून बाराव्या-तेराव्या शतकातल्या रट्ट आणि कदंब राजघराण्यांपर्यंत दानलेखांत ‘सूर्यग्रहणनिमित्त’ असा उल्लेख वारंवार येतो. त्यावरून काय ठरवता येतं आणि काय येत नाही, याचा विचार इथे केला आहे.

प्रश्न (खानापूर तालुका) : आमच्या देवळाच्या आवारात जुन्या कानडीतली एक शिळा आहे. माथ्यावर सूर्य आणि चंद्र शेजारी शेजारी कोरलेत, खाली गाय-वासरू आहे. गावात सांगतात की ग्रहण लागलं त्या दिवशी ही शिळा बसवली. हे खरं मानायचं का?

उत्तर : नुसत्या चित्रावरून नाही. माथ्यावरचे सूर्य-चंद्र जवळजवळ प्रत्येक दानशिळेवर असतात. ‘चंद्र-सूर्य असेपर्यंत हे दान चालावं’ हा त्यांचा अर्थ, आणि मजकुरातही ‘आचंद्रार्क’ असा शब्द बहुतेकदा सापडतो. गाय-वासरू हीसुद्धा दानशिळेची नेहमीची खूण आहे. तेव्हा चित्राकडे पाहून ग्रहण ठरवू नका.

ग्रहण शोधायचं ते मजकुरात, आणि तेही ठरावीक जागी. आधी राजाची बिरुदं आणि वंशावळ येते. त्यानंतर ‘सकवर्ष’ हा शब्द, मग आकडा, आकड्याला ‘नेय’ हा प्रत्यय, मग संवत्सराचं, म्हणजे साठ वर्षांच्या चक्रातल्या त्या वर्षाचं, नाव, महिना, तिथी, वार. याच ओळींत ‘सूर्यग्रहणनिमित्त’, ‘सूर्योपराग’ किंवा नुसतं ‘ग्रहण’ असेल तर ते तारखेचं ग्रहण. लगेच पुढे पाय धुऊन, पाणी सोडून दान दिल्याचं सांगणारं ‘कालं कर्चि धारापूर्वकं’ येतं. ते दिसलं की समजा, तारखेचा भाग संपला.

इथे अनेकांची फसगत होते. लेखाच्या शेवटी हे दान पाळणाऱ्याचं पुण्य आणि मोडणाऱ्याचं पाप सांगितलेलं असतं. त्यात कुरुक्षेत्र, वाराणसी अशा क्षेत्री सूर्यग्रहणाच्या वेळी हजार कपिला गाई दान दिल्याचं फळ, असं वर्णन पुष्कळ लेखांत येतं. हा साचा आहे. शिळेचा वरचा भाग झिजलेला आणि खालचा वाचता येण्याजोगा असला, की नेमका हाच शब्द हाती लागतो आणि ‘आमच्या शिळेत सूर्यग्रहण आहे’ अशी बातमी होते. तेव्हा ‘ग्रहण’ हा शब्द कितव्या ओळीत आहे आणि त्याच्या मागेपुढे ‘कविले’ म्हणजे कपिला गाय आहे का, हे आधी पाहा.

प्रश्न (निपाणी) : शकात 78 मिळवले की इसवी सन मिळतो असं शाळेत शिकलो. पण आमच्या भागातल्या लेखांना हे लावलं की वार जुळत नाही. चूक कुठे होते?

उत्तर : 78 मिळवण्याचा नियम गत शकासाठी आहे, म्हणजे पूर्ण झालेल्या वर्षांच्या मोजणीसाठी. अनेक लेखांतला आकडा मात्र वर्तमान शकाचा, म्हणजे चालू वर्षाचा असतो आणि तो गत शकापेक्षा एकाने जास्त भरतो. आकडा कोणता हे दगड सहसा सांगत नाही, पण संवत्सराचं नाव सांगतं.

हिशेब असा करा. शकात 12 मिळवा, 60 ने भागा, बाकी येईल त्या क्रमांकाचं संवत्सर प्रभव या पहिल्या नावापासून मोजा. बाकी शून्य आली तर साठावं, क्षय. पडताळा हवा असेल तर शक 1946 घ्या : 1958 भागिले 60, बाकी 38, म्हणजे क्रोधी. पंचांगातही तेच आहे.

आता तुमच्या जवळचंच उदाहरण घेऊ. कागलजवळच्या बामणीचा शिलाहार विजयादित्याचा लेख शक 1073, प्रमोद संवत्सर, भाद्रपद पौर्णिमा, शुक्रवार, चंद्रग्रहण अशी तारीख देतो. 1073 मध्ये 12 मिळवले की 1085, बाकी 5, प्रजापती. दगडावर मात्र चौथं, प्रमोद. एकाने मागे, म्हणजे 1073 हा वर्तमान शक. गत शक 1072, त्यात 78 मिळवून 1150. त्या वर्षीची भाद्रपद पौर्णिमा 8 सप्टेंबर 1150 ला येते, वार शुक्रवार, आणि त्या दिवशी चंद्रग्रहण आहे. सरळ 78 मिळवून 1151 धरलं असतं तर वारही चुकला असता आणि ग्रहणही.

याच विजयादित्याचा कोल्हापूरचा लेख शक 1065, दुंदुभी संवत्सर, माघ पौर्णिमा, सोमवार, चंद्रग्रहण असा आहे. नियमाने बाकी 57, रुधिरोद्गारी. दगडावर 56 वं, दुंदुभी. म्हणजे गत शक 1064. महिना माघ असल्यामुळे इंग्रजी वर्ष बदललेलं असतं, म्हणून इथे 79 मिळवायचे : 1 फेब्रुवारी 1143, सोमवार, चंद्रग्रहण.

बेळगावच्या किल्ल्यातल्या जैन बस्तीशी, म्हणजे देवळाशी, संबंधित रट्ट कार्तवीर्य चौथा याच्या लेखात ग्रहण नाही, उत्तरायण संक्रांत आहे. पण हिशेब तोच. शक 1127, रक्ताक्षी, पौष शुद्ध 2, शनिवार. बाकी 59 क्रोधन, दगडावर 58 रक्ताक्षी, म्हणून गत शक 1126. ही तारीख 25 डिसेंबर 1204. पौष महिना दोन इंग्रजी वर्षांवर पडतो, त्यामुळे पौषात 78 की 79 हे तिथी बघूनच ठरवावं लागतं. इथे डिसेंबर संपला नव्हता, म्हणून 78.

कोल्हापूर-बेळगाव पट्ट्यातले हे तिन्ही लेख वर्तमान शकातले आहेत. त्यामुळे या भागात बाराव्या-तेराव्या शतकातली शिळा हाती आली तर संवत्सर पाहिल्याशिवाय 78 मिळवूच नका.

शिकताना चंद्रग्रहणाच्या लेखांपासून सुरुवात केलेली बरी. चंद्रग्रहण ज्या वेळी होतं त्या वेळी जिथे जिथे चंद्र क्षितिजावर आहे तिथे सगळीकडे सारखंच दिसतं. सूर्यग्रहणाला गाव बदललं की सगळं बदलतं.

प्रश्न (खानापूर) : हलशीच्या लेखात शकच नाही. मग?

उत्तर : गोव्याचे कदंब कलियुगाची वर्षं वापरत. त्यातून 3179 वजा केले की गत शक, 3101 वजा केले की इसवी सन. हलशीचा शिवचित्त पेर्माडीचा लेख कलियुग 4270 चा, म्हणजे शक 1091, इ. स. 1169. देगावच्या कमलनारायण देवळातला लेख 4275 चा, म्हणजे 1174. संवत्सराचा पडताळा वरच्यासारखाच करायचा.

प्रश्न (बेळगाव) : राष्ट्रकूटांच्या ताम्रपटांना तुमचा 12 चा नियम लावला की संवत्सर चुकतं. आकडा वर्तमान धरला तरी समाधान होत नाही.

उत्तर : नियमाची एक मर्यादा आहे आणि ती माहीत नसली की चांगला अभ्यासकही अडतो. संवत्सरचक्र मुळात गुरूच्या गतीवरचं आहे. मध्यम, म्हणजे सरासरी गतीचा, गुरू एक रास सुमारे 361 दिवसांत ओलांडतो, सौर वर्ष सुमारे 365.25 दिवसांचं. दरवर्षी चार दिवसांहून थोडा जास्त फरक पडतो आणि सुमारे 85 वर्षांत एक पूर्ण संवत्सर जास्तीचं होतं. तेव्हा एक नाव गाळतात. दक्षिणेत हे गाळणं शक 828 च्या सुमाराला बंद पडलं आणि नावं सरळ वर्षामागून वर्ष अशी चालू लागली. 12 चा नियम त्यानंतरच्या लेखांसाठी आहे. त्याच्या आधीच्या शतकात तो एक नाव पुढचं देतो.

गोविंद तिसरा याचा राधनपूरचा ताम्रपट याचं नमुनेदार उदाहरण आहे. मयूरखंडीहून दिलेल्या या दानाची तारीख शक 730, सर्वजित संवत्सर, श्रावण अमावास्या, सूर्यग्रहण. नियमाने 742 ला 60 ने भागून बाकी 22, सर्वधारी. पटावर सर्वजित, 21 वं. बामणीच्या अनुभवावरून कोणीही म्हणेल, आकडा वर्तमान आहे, एक वर्ष मागे या. पण पटाचा मजकूरच ‘अतीत’, म्हणजे गत वर्षं, असं सांगतो. एक वर्ष मागे यायची सोय नाही, आणि गरजही नाही. मध्यम गुरूच्या पद्धतीने त्या दिवशी सर्वजितच चालू होतं. श्रावण अमावास्या 27 जुलै 808 ला येते आणि त्या दिवशी सूर्यग्रहण आहे. सगळे धागे जुळतात.

दुसरी अडचण महिन्याची. आज आपण अमान्त महिना पाळतो, अमावास्येला महिना संपतो. उत्तरेत पौर्णिमान्त, महिना पौर्णिमेला संपतो. सातव्या-आठव्या शतकात दक्षिणेतही पौर्णिमान्त महिना वापरात होता, याचा पुरावा एका सूर्यग्रहणानेच दिला. दुसऱ्या पुलकेशीचा हैदराबाद ताम्रपट, बदामीहून दिलेला. शक 534 गत, राज्याचं तिसरं वर्ष, भाद्रपद अमावास्या, सूर्यग्रहण. अमान्त भाद्रपदाच्या अमावास्येला ग्रहण मिळत नाही. पौर्णिमान्त भाद्रपदाची अमावास्या म्हणजे आपल्या श्रावणाची अमावास्या, म्हणजे आपला पोळा. तिथे मात्र 2 ऑगस्ट 612 आणि 23 जुलै 613 अशी लागोपाठ दोन वर्षं ग्रहणं आहेत आणि अभ्यासकांनी दोन्ही तारखा सुचवल्या आहेत. पुलकेशीचा राज्यारोहणाचा काळ यावर एक वर्षाने मागे-पुढे होतो. गत शकाचा शब्द जसाच्या तसा मानला तर 612 सरळ येतं.

राष्ट्रकूटांच्या किंवा त्याआधीच्या लेखात कृष्णपक्षाची तिथी असेल तर दोन्ही पद्धतींनी करून पाहा. शुक्लपक्षात फरक पडत नाही.

प्रश्न (गोकाक) : ग्रहण गणिताने सापडतं, तर मग थेट ग्रहणापासूनच सुरुवात का करू नये? राजाच्या काळातली ग्रहणं काढायची आणि बसेल ते लावायचं.

उत्तर : हाच मार्ग सर्वात जास्त चुकवतो. एका गावी सरासरी दर अडीच-तीन वर्षांनी कुठलं ना कुठलं सूर्यग्रहण, लहान का होईना, दिसतं. पंचवीस वर्षांच्या राजवटीत आठ-दहा ग्रहणं सहज निघतात. त्यातलं एखादं तुमच्या मनातल्या वर्षाजवळ पडणारच. ग्रहण हा पडताळा आहे; तारीख काढायचं साधन म्हणून ते शेवटी वापरायचं. आधी शक, मग संवत्सर, मग महिना आणि तिथी, मग वार, आणि सगळ्यात शेवटी ग्रहण. वार योगायोगाने जुळण्याची शक्यता सातात एक असते, म्हणून एकट्या वारावरही विसंबू नये. तीन-चार गोष्टी स्वतंत्रपणे एकाच दिवशी येऊन मिळाल्या तरच तारीख पक्की.

ग्रहण असलेला पट खरा असतोच असंही नाही. गदगजवळच्या कुर्तकोटीचा ताम्रपट चालुक्य विक्रमादित्य पहिला याचा म्हणवतो, शक 532 देतो, सूर्यग्रहणही सांगतो. शक 532 म्हणजे इ. स. 610. विक्रमादित्य गादीवर आला तो 655 च्या सुमाराला. अक्षराचं वळणही पुढच्या काळाचं आहे. जमिनीच्या हक्कासाठी नंतर तयार केलेला पट म्हणून तो बनावट ठरवला गेला. बनावट पटात ग्रहणाची सजावट हटकून असते, कारण दानाला वजन येतं. सातव्या शतकातल्या दक्षिणेतल्या पटात वार, लग्न, मध्यान्ह असे बारीकसारीक तपशील भरभरून दिसले तर आनंद मानण्याऐवजी शंका घ्या. त्या काळच्या खऱ्या पटांत वारसुद्धा क्वचित सापडतो.

प्रश्न (बेळगाव) : युरोपातल्या नोंदी जास्त विश्वासार्ह असतात का?

उत्तर : समकालीन आणि मागाहून लिहिलेली, असा फरक करा, देशाचा करू नका. 5 मे 840 चं खग्रास ग्रहण फ्रँक बादशहा लुई याच्या मृत्यूच्या वर्षातलं, दिवसही बरोबर नोंदलेला आहे. पण 664 सालचं ग्रहण इंग्लंडच्या बीड या इतिहासकाराने 3 मे असं लिहिलं, प्रत्यक्षात ते 1 मे ला झालं. तो साठ-सत्तर वर्षांनी लिहीत होता. आपले ताम्रपट दानाच्या वेळचेच असतात, हा त्यांचा मोठा फायदा. तोटा असा की ते दिवस सांगतात, ग्रहण किती वाजता लागलं आणि किती ग्रासलं हे सहसा सांगत नाहीत. वेळेसाठी सर्वात कामाच्या नोंदी बगदाद आणि कैरोच्या आहेत. 829 ते 1004 या काळात तिथल्या ज्योतिर्विदांनी सूर्याची किंवा ताऱ्याची उंची मोजून स्पर्श-मोक्षाच्या, म्हणजे ग्रहण लागण्या-सुटण्याच्या, वेळा लिहिल्या.

प्रश्न (अथणी, शिक्षक) : संगणकावर आकाशदर्शनाचं सॉफ्टवेअर लावून मुलांना 808 सालचं ग्रहण दाखवायचं आहे. प्रत्येक सॉफ्टवेअर वेगळं काहीतरी दाखवतं.

उत्तर : तीन गोष्टी तपासा.

पहिली, दिनदर्शिका. 1582 च्या आधीच्या तारखा ज्युलियन समजायच्या. काही सॉफ्टवेअर आजची ग्रेगोरियन पद्धत मागे ओढतात. नवव्या शतकात फरक 4 दिवसांचा, सातव्या शतकात 3, बाराव्या शतकात 7. ग्रहण अमावास्येलाच होतं, म्हणून तारीख चुकली की पडद्यावर चंद्र सूर्यापासून लांब उभा दिसतो. हीच ओळखण्याची खूण.

दुसरी, पृथ्वीच्या फिरण्यातली घट. भरती-ओहोटीच्या घर्षणामुळे दिवस अतिशय हळूहळू लांबतो आहे आणि तो फरक शतकानुशतकं साठत जातो. 800 सालासाठी ही दुरुस्ती सुमारे 49 मिनिटांची आहे, 600 सालासाठी सुमारे 79 मिनिटांची, 1000 सालासाठी 26. सॉफ्टवेअरमध्ये ती ‘डेल्टा टी’ या नावाने असते. ती बंद असेल तर 800 सालचा ग्रहणपट्टा सव्वाबारा अंश पश्चिमेला, आपल्या अक्षांशावर जवळजवळ 1300 किलोमीटर, सरकलेला दिसतो. बदामीला दिसलेलं ग्रहण अरबी समुद्रात जाऊन पडतं. बगदादच्या नोंदी महत्त्वाच्या त्या यासाठीच : ही दुरुस्ती किती धरायची हे अशा मोजलेल्या वेळांवरूनच ठरवलं आहे.

तिसरी, घड्याळ. बेळगावचे अक्षांश-रेखांश 15.85 उत्तर, 74.5 पूर्व. आपली स्थानिक मध्यम वेळ भारतीय प्रमाणवेळेच्या 32 मिनिटं मागे. लेखात घटिका दिल्या असतील तर त्या सूर्योदयापासून, 24 मिनिटांची एक.

हिशेब स्वतः न करता पडताळायचा असेल तर नासाची पाच हजार वर्षांची ग्रहणसूची बघा. तीत 11,898 सूर्यग्रहणं आहेत : 4200 खंडग्रास, 3956 कंकणाकृती, 3173 खग्रास आणि 569 मिश्र. हीच कामं हाताने करायची तर शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी रॉबर्ट स्यूएल यांच्याबरोबर 1896 मध्ये प्रसिद्ध केलेल्या कोष्टकांत भारतात दिसणाऱ्या ग्रहणांची कोष्टकंही जोडलेली आहेत. रत्नागिरी जिल्ह्यातल्या मुरूडच्या या शिक्षकाचं काम आजही टिकून आहे. मुलांना ते दाखवाच.

प्रश्न (हुक्केरी) : लेखात ‘राहूने ग्रासलेला सूर्य’ असं असतं. मग त्या काळच्या जोशांना खरं कारण माहीत होतं का? आणि ते गणित कसं करत?

उत्तर : माहीत होतं. आर्यभटाने 499 मध्ये स्पष्ट लिहिलं की चंद्र सूर्याला झाकतो आणि पृथ्वीची मोठी छाया चंद्राला झाकते. वराहमिहिराने राहूच्या कथेचा समाचार घेतला. ब्रह्मगुप्ताने 628 मध्ये परंपरेच्या बाजूने आर्यभटाला दोष दिला, पण गणित करताना चंद्रबिंब आणि भूछायाच वापरली. दानलेखाची भाषा धर्मशास्त्राची, पंचांगाची भाषा गणिताची. राजवाड्यात दोन्हींचे जाणकार होते. पंचांगातला राहू म्हणजे चंद्राची वाट सूर्याच्या वाटेला छेदते तो बिंदू, साडेअठरा वर्षांत उलटा फिरून येणारा.

गणिताचा क्रम असा. अहर्गण, म्हणजे ठरलेल्या आरंभापासूनचे दिवस, काढायचे. त्यावरून सूर्य, चंद्र आणि राहू यांची मध्यम स्थानं, मग संस्कार, म्हणजे दुरुस्त्या, देऊन स्पष्ट स्थानं. अमावास्येचा अंत कोणत्या घटिकेला होतो ते काढायचं. इथपर्यंत चंद्रग्रहणासारखंच. सूर्यग्रहणाला खरी मेहनत पुढे आहे : चंद्र जवळ असल्यामुळे जमिनीवरच्या माणसाला तो आपल्या जागेवरून सरकलेला दिसतो. क्रांतिवृत्तावरचं, म्हणजे सूर्याच्या वाटेवरचं, हे सरकणं म्हणजे लंबन, त्याला आडवं ते नती. लंबन वेळेत जास्तीत जास्त 4 घटिका. सूर्य क्रांतिवृत्ताच्या माथ्याशी असताना शून्य. त्याच्या पूर्वेला असताना युती अमान्ताच्या, म्हणजे अमावास्येच्या अंताच्या, आधी दिसते, पश्चिमेला असताना नंतर. लंबन बदललं की वेळ बदलते, वेळ बदलली की लंबन बदलतं, म्हणून उत्तर स्थिर होईपर्यंत तीच क्रिया पुन्हा पुन्हा करायची. शेवटी चंद्राच्या शराला, म्हणजे क्रांतिवृत्तापासूनच्या अंतराला, नतीचा संस्कार देऊन तो दोन्ही बिंबांच्या त्रिज्यांच्या बेरजेशी ताडायचा. ही बेरीज सुमारे 32 कला, म्हणजे अर्ध्या अंशाहून थोडी जास्त. शर तिच्याहून कमी तर ग्रहण, जितका कमी तितका ग्रास मोठा.

चूक सर्वात जास्त लंबनात होते. थोडं चुकलं तरी काठावरचं ग्रहण लागतं किंवा सुटतं. म्हणून आपल्याकडे दिसलंच नाही असं ग्रहणही एखाद्या लेखात सापडतं : जोशांनी सांगितलं, दान झालं.

प्रश्न (चिकोडी) : राधनपूर आणि हैदराबादचे दोन्ही पट ऐन पावसाळ्यातले. ढगात त्यांना ग्रहण दिसलं तरी कसं?

उत्तर : आजच्या हिशेबाने 27 जुलै 808 म्हणजे 31 जुलै, 2 ऑगस्ट 612 म्हणजे 5 ऑगस्ट. त्या दिवसांत आपल्याकडे आकाश कसं असतं हे सांगायला नको. दान करायचं ते ग्रहणाच्या पर्वकाळात, आणि पर्वकाळ आधीच गणिताने काढून ठेवलेला असे. त्यामुळे दानलेखातलं ग्रहण म्हणजे डोळ्यांनी पाहिल्याची साक्ष असं गृहीत धरू नका. आर्यभटाने तर सूर्यबिंबाच्या आठव्या भागापेक्षा कमी ग्रास असेल तर तो जाहीरच करू नये असं म्हटलं आहे, कारण सूर्याच्या तेजापुढे तो जाणवत नाही. लहान ग्रासाचं ग्रहण एखाद्या लेखाला लावताना हा आठवा भाग ध्यानात ठेवा.

प्रश्न (बेळगाव) : बेळगावात पुन्हा ग्रहण केव्हा? जुन्या पद्धतीने परातीत पाणी घेऊन पाहिलं तर चालेल?

उत्तर : 16 फेब्रुवारी 1980 ला खग्रास पट्टा अंकोल्याकडून रायचूरकडे गेला, बेळगाव थोडक्यात बाहेर राहिलं. एका ठिकाणी खग्रास ग्रहण सरासरी सुमारे 375 वर्षांनी येतं, त्यामुळे त्याची वाट गावात बसून पाहण्यात अर्थ नाही. 2 ऑगस्ट 2027 ला आपल्याकडे संध्याकाळच्या सुमाराला थोडंसं खंडग्रास आहे, पण पावसाळा. 21 मे 2031 ला कंकणाकृती पट्टा केरळ-तमिळनाडूवरून जाईल, आपल्याकडे मोठं खंडग्रास.

परातीतलं पाणी, काजळी धरलेली काच, एक्स-रे फिल्म, यांतलं काहीही वापरू नका. आयएसओ 12312-2 असा शिक्का असलेला ग्रहणचष्मा किंवा 14 क्रमांकाची वेल्डिंग काच चालेल. शाळेत सर्वात सोपं म्हणजे पुठ्ठ्याला एक मिलिमीटरचं भोक पाडून भिंतीवर प्रतिमा घेणं : 2 मीटर अंतरावर सूर्य सुमारे 18 मिलिमीटरचा दिसेल. भोक मोठं केलं तर उजेड वाढतो पण कड पुसट होते.

प्रश्न (सौंदत्ती) : शेताच्या बांधावर एक शिळा निघाली आहे. तारखेची ओळ वाचायला काय करावं?

उत्तर : हलवू नका. मऊ ब्रश आणि साधं पाणी, एवढंच. खडू घासणं, तेल-शेंदूर लावणं, तारेचा ब्रश मारणं यांनी अक्षरांच्या कडा जातात, आणि जातात त्या कायमच्या. सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर, उजेड एका बाजूने तिरपा पडत असताना फोटो घ्या. दुपारचं डोक्यावरचं ऊन अक्षरं सपाट करतं. रात्री बाजूला टॉर्च धरून, चारही दिशांनी एकेक, असे फोटो घेतले तर झिजलेला आकडाही बऱ्याचदा उघडतो. शेजारी मोजपट्टी ठेवा. ‘सकवर्ष’ दिसेल ती ओळ तुकड्या-तुकड्याने, एकमेकांवर थोडी चढवून टिपा.

वाचताना आकड्यावर आधी विश्वास ठेवू नका; संवत्सराचं नाव आधी वाचा, कारण शब्द अर्धा गेला तरी ओळखता येतो, आकडा अर्धा गेला की गेला. जुने कानडी अंक आजच्या कानडी अंकांसारखेच असतील असं धरून चालू नका. वारांच्या नावांत ‘बृहवार’ म्हणजे गुरुवार, ‘वड्डवार’ बहुधा शनिवार. आपल्या भागातल्या पुष्कळांचं कानडी शाळेत झालेलं असतं, त्यामुळे ही ओळ लावणं तुम्हाला वाटतं तेवढं अवघड जाणार नाही.

कागदाचा ठसा मात्र जाणकाराकडूनच घ्यावा. ओला कागद दगडावर ब्रशने ठोकून बसवतात, तो ओलसर असतानाच शाईची गादी हलक्या हाताने फिरवतात. शाई जास्त झाली की ती खोदलेल्या अक्षरात उतरते आणि ठसाही जातो, दगडही डागाळतो. बेळगावच्या किल्ल्यातल्या बस्तीसारख्या संरक्षित वास्तूत पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या परवानगीशिवाय हे करता येत नाही. फोटो आणि जागेची माहिती म्हैसूरच्या पुराभिलेख शाखेकडे किंवा धारवाडच्या कन्नड संशोधन संस्थेकडे पाठवा. त्याआधी मुंबई-कर्नाटकातल्या लेखांचे प्रसिद्ध झालेले खंड ग्रंथालयात चाळा. शिळा तुमच्यासाठी नवी असली तरी तिचं वाचन छापलेलं असू शकतं, आणि तेव्हा ती आजच्यापेक्षा कमी झिजलेली होती.